निंबर्ग्याचं तेवढं राहिलं

रविवार, २१ फेब्रुवारी १९८८. ठिकाण : कोहिनूर, तालुका बसवकल्याण. हजर : डॉक्टरांच्या पत्नी सुलोचनाबाई, त्यांचे थोरले दीर ज्ञानोबा, बीदरच्या जनावरांच्या दवाखान्यातले ड्रेसर गफूरभाई, त्याच दवाखान्यातली कारकून, म्हणजे मी, अंगण भरून गावातली माणसं, आणि पायरीपाशी बसलेली, कोणाचीच नसलेली दोन कुत्री. गैरहजर : निंबर्ग्याच्या अंबक्का. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

डॉ. केरबा सूर्यवंशी गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाचा तो कार्यक्रम. वंदना झाली, चार माणसं बोलली, जेवणं झाली. निघताना सुलोचनाबाईंनी मला गोठ्याकडं बाजूला घेतलं. हातात डॉक्टरांचा तपकिरी कोट होता, घडी घातलेला.

"अक्का, बाकी समदं झालं. निंबर्ग्याचं तेवढं राहिलं बघा."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"मग लिहून ठेवा. तुमी लिहिलं की व्हतंय, असं हे म्हणायचे."

मी पर्समधला कागद काढला आणि तिथंच, गव्हाणीवर टेकवून लिहिलं : निंबर्गा. मला याद्या करायची सवय आहे. घरी किराण्याची, दवाखान्यात कामांची, प्रवासाला निघताना पिशव्यांची. झालेलं काम खोडायचं, राहिलेलं पुढच्या कागदावर उतरवायचं. निंबर्गा तेव्हापासून किती कागदांवर उतरलं, ते मोजलं नाही.

पण निंबर्ग्याचं काय राहिलं हे कळायला आधी डॉक्टर कळायला हवेत.

मी बीदरच्या दवाखान्यात रुजू झाले तेव्हा ते तिथं नुकतेच बदलून आले होते. उंच, काटक, चालताना किंचित पुढं झुकलेले. अंगात तो कोट, उन्हाळ्यातसुद्धा. कोपरांवर ठिगळं लावलेली, आतलं अस्तर एका बाजूनं गेलेलं. गफूरभाई म्हणायचे, "साब, ये कोट निजाम के जमाने का है क्या?" डॉक्टर म्हणायचे, "त्याच्यानंतरचं हाय." एवढंच. नवा शिवा म्हणून सुलोचनाबाईंनी कापड आणून ठेवलं होतं. त्याच्या शेवटी मुलांच्या चड्ड्या झाल्या.

जनावर समोर आलं की मालकाचं नाव विचारायच्या आधी ते त्याचा ओठ उचलून हिरडी बघायचे. म्हैस असो, बकरी असो, कुत्रं असो. मग हात धुवायचे, मग नाव विचारायचे. मला केसपेपरवर नाव आधी लागायचं. यावरून आमचं पहिल्याच आठवड्यात वाजलं.

"डॉक्टर, आधी नाव, मग तपासणी. रकाने त्या क्रमानं आहेत."

"रकाने तुमचे हायत, अक्का. ह्याची हिरडी पांढरी पडली तर नावाचं काय करायलाव?"

मी रकाने बदलले नाहीत. मालकाला दारातच गाठून नाव लिहून घ्यायला लागले. असा आमचा तह झाला.

जनावराशी ते मराठीत बोलायचे, मालकाशी कन्नडात, गफूरभाईंशी दखनीत. कोणी जनावराला मारलं तर मात्र तिन्ही भाषांमध्ये एकदम बोलायचे. त्यांचं बालपण कोहिनूरच्या ज्या आळीत गेलं, तिथल्या माणसांकडं मेलेली गुरं ओढून न्यायचं काम असायचं. छप्पन्नच्या पुढं आळीनं धम्मदीक्षा घेतली, ते काम सोडलं. केरबा तेव्हा नुकते मॅट्रिक झालेले. हैदराबादला जाऊन ते गुरांचे डॉक्टर झाले. "वडील म्हणाले, मेलेलं ओढायचं झालं आपलं. आता जितं हाय ते बघ." हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते सांगण्यात अभिमान नव्हता. नेमून दिलेलं काम सांगावं तसं सांगितलं.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या तोंडून 'व्हय' ऐकायला मिळायचं नाही.

आमच्याकडं व्हय म्हटल्याशिवाय बोलणं पुढं सरकत नाही. बोलणारा दम खायला थांबला की ऐकणाऱ्यानं व्हय म्हणायचं, नाहीतर त्याला वाटतं समोरचा झोपला. डॉक्टर म्हणायचे नाहीत. "बरं व्हईल न्हवं का, डाक्टर?" असं शेतकऱ्यानं काकुळतीला येऊन विचारलं तरी, "बघू. परवा घेऊन या." मी विचारलं, "चहा सांगू?" तर "सांगा." गफूरभाई म्हणायचे, "साब की जुबान पे हौ नै चढता." आम्ही ती लकब धरून चाललो. माणसाला लकबी असतात.

त्या वर्षांत बीदरला लहान कुत्र्यांची लाट आली. हवाई दलाच्या वसाहतीत बाहेरून बदलून आलेली कुटुंबं होती. त्यांच्याकडं पांढरी, केसाळ, मांजरापेक्षा जेमतेम मोठी कुत्री असत. बदली झाली की पिल्लं कोणाला तरी देऊन जात. बघता बघता वकिलाकडं, मास्तरांकडं, एका सराफाकडं तसली कुत्री दिसू लागली. लोक त्यांना 'पामेलियन' म्हणत. आणि पिसवा तर आमच्या हवेत आहेतच.

दवाखान्यात पिसवांवर औषध एकच : गोचिडाची पावडर. मोठ्या पत्र्याच्या डब्यातून यायची, म्हशी-बैलांसाठी. डब्यावर माप लिहिलेलं तेही म्हशी-बैलांचंच. मालक यायचे आणि म्हणायचे, "थोडी बांधून द्या, घरी लावतो." किती, हे ज्याचं त्यानं ठरवलेलं असायचं. एका मास्तरांनी तर कागदावर त्रैराशिक मांडून आणलं होतं. इतक्या वजनाच्या वासराला इतकी, तर इतक्या वजनाच्या कुत्र्याला किती? उत्तराखाली दोन रेघा.

डॉक्टरांनी तो कागद नीट वाचला. "गणित बरोबर हाय, मास्तर. पण म्हशीला कापत कापत कुत्रं होत न्हाई."

"म्हणजे काय?"

"बसा. आधी एक ऐका. माझ्या हातानं एक गेलंय."

ही त्यांची खरी सवय. लहान कुत्रं आलं, पिसवांची गोष्ट निघाली की पावडरीच्या डब्याला हात लावायच्या आधी ते मालकाला समोर बसवायचे आणि हे सांगायचे. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की त्यांच्याच शब्दांत सांगू शकते.

"नोकरीचं पहिलं साल. आळंद तालुक्यात निंबर्गा. एका बाईचं कुत्रं, दोन्ही तळहातांत मावेल एवढं. लेकानं सोलापूरहून आणलेलं. अंगभर पिसवा. मी तुमच्यासारखंच त्रैराशिक केलं, तिच्या दारात उभं राहून, तोंडी. उत्तर बरोबर आलं. तेवढी पावडर चोळली. लहान जितराब, वजन कमी अन् वजनाच्या मानानं कातडं जास्त. कातड्यातून गेलं, चाटलं ते पोटातून गेलं. तासाभरात लाळ, मग थरथर, मग आचके. दुपार कलायच्या आत गेलं. आता सांगा, तुमच्या कुत्र्याचं वजन केलंय, का अंदाज हाय?"

मग बहुतेकांचा अंदाजच निघायचा. आमच्याकडं बैलांचा काटा होता, त्यावर ते कुत्रं ठेवलं तर काटा हलायचाही नाही. मग डॉक्टर कुत्रं कोटात घेऊन रस्ता ओलांडायचे, समोर शिवप्पांचं किराणा दुकान.

"आलं का परत?" शिवप्पा ओरडायचे. "डाक्टर, ह्या पारड्यात मी गूळ तोलतो!"

"गुळाला पिसवा होत न्हाईत, अण्णा. पोतं टाका खाली."

"गिऱ्हाईक बघायलंय हो!"

"बघू द्या. वजन चोख हाय म्हणून कळंल त्यांना."

शेवटी शिवप्पांनी एक जुनं पारडं वेगळं काढून खिळ्याला टांगून ठेवलं, त्याला 'कुत्र्याचं पारडं' हे नाव पडलं. वजन कळलं की डॉक्टर पावडरीत शंखजिरं मिसळून तिचा जोर कमी करायचे. चिमटीनं फक्त मानेमागं आणि शेपटीच्या बुडाशी, जिथं जीभ पोचत नाही तिथं लावायचे. गळ्यात पुठ्ठ्याची पट्टी घालून कुत्रं आमच्या बाकाखाली तासभर बसवून ठेवायचे. फारच लहान असलं तर पावडर नाहीच. मालकाला सांगायचे : अंथरूण उकळत्या पाण्यात टाका, पोतं जाळा, जमीन झाडून उन्हात सोडा, आणि फणी घ्या.

"फणी?"

"उवांची फणी. बसा मांडीवर घेऊन."

लोकांना हे औषध वाटायचं नाही. दवाखान्यात येऊन फणी मिळाली म्हणून रागावलेली माणसं मी पाहिली आहेत.

पण खरा त्रास 'माझ्या हातानं एक गेलंय' याचा झाला. हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नी आल्या होत्या, हातात फुग्याएवढं कुत्रं. डॉक्टरांनी हिंदीत सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "तो फिर मैं आपसे इलाज क्यों करवाऊँ?"

"यही सोचकर बताइए," डॉक्टर म्हणाले.

त्या उठून गेल्या. तक्रार गेली. वरचे साहेब स्वतः आले, माझ्याच टेबलासमोर खुर्ची ओढून बसले.

"सूर्यवंशी, आपण सरकारी माणसं. आपली चूक आपण भिंतीवर लावून ठेवतो का?"

"भिंतीवर न्हाई लावत, साहेब. समोरच्याला सांगतो."

"कामून पण? कोणी विचारलंय का तुम्हाला?"

"न्हाई विचारलं. म्हणूनच."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी टाचण्या लावत राहिले. ते चांगले गृहस्थ होते, लेखी काही केलं नाही. पण बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघांनी ते ऐकलं होतं. त्यातला एक हळू नसलेल्या आवाजात दुसऱ्याला म्हणाला, "ह्यांला डिग्र्या अशाच मिळत्यात. मग जनावरं मरायचीच."

'ह्यांला' म्हणजे कोणाला, हे आम्हा सगळ्यांना कळलं. डॉक्टर तेव्हा बैलाच्या खुराला पट्टी बांधत होते. पट्टीचा वेढा सुटला नाही, हात थांबला नाही. बांधून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि पुढचं जनावर आत घेतलं.

संध्याकाळी गफूरभाई त्यांना म्हणाले, "साब, कायकू बोलते वो बात हर एक कू? जानवर गया, बात गई. लोगां तुमको नै, तुम्हारे लोगां को बोलते."

"मालूम है, गफूरभाई."

"फिर?"

डॉक्टरांनी कोट खुंटीवरून काढला, अंगात घातला आणि निघाले.

मी मनात त्यांची बाजू घेतली. मला वाटलं, हा माणूस खरं बोलायला घाबरत नाही. निंबर्ग्याच्या त्या बाईला सांगितलं असेल, तसंच सगळ्यांना सांगतो. त्या बाईला सांगितलंच असेल, हे मी धरून चालले होते. ते तसं नव्हतं, हे पुढं निंबर्ग्यात कळलं.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास आळंद भागात गुरांना लाळ्याची साथ आली आणि आमच्याकडून माणसं मागवली. जीपमध्ये डॉक्टर, गफूरभाई, लसीची पेटी आणि नोंदींसाठी मी. गावांची यादी माझ्याजवळ होती. निंबर्ग्याचं नाव मी वाचलं तेव्हा डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

"तेच का हे, डॉक्टर?"

"तेच."

गुरांचं काम दुपारी आटोपलं. आम्ही निघणार, तोच एक साठीची बाई पदर खोचत लगबगीनं आली. ठसठशीत कुंकू, हातात काठी नुसतीच धरलेली.

"डाक्टर! वळखलं न्हाई व्हय? म्या अंबक्का! गावात येऊन माज्या दारावरनं जायलाव?"

त्यांनी आम्हाला जवळजवळ ओढूनच घरी नेलं. ओसरीवर घोंगडी टाकली. ताक आलं, आम्हाला पितळी पेल्यांतून, डॉक्टरांना चांदीच्या. तो अंबक्कांचा रोजचा पेला, हे त्यांच्या सुनेच्या चेहऱ्यावरून कळलं. आमच्याकडच्या खेड्यांत तेव्हा कोणाच्या घरी कोणत्या पेल्यातून काय मिळतं, हे मी सांगायला नको. कोहिनूरच्या त्या आळीतल्या माणसाला तर नकोच.

अंबक्का मला सांगू लागल्या, डॉक्टर समोर असताना. "बाई, ह्यो मानूस देव हाय. माजी चिन्नी, एवढीशी व्हती. एक दिस थरथर कापाय लागली. ह्येनी अंगातला कोट काढला, तिला गुंडाळली अन् उनात घेऊन बसले, ती जाईस्तवर. कोण करतं कुत्र्यासाटी? माजा भाऊ म्हनला, त्येच्या हातचं पानी पिऊ नगं. म्या म्हनलं, माज्या चिन्नीसाटी कोट काढून दिला त्येनं, म्या पिनार!"

डॉक्टरांच्या हातात पेला तसाच होता.

मग अंबक्का आत गेल्या आणि पदरात काहीतरी घेऊन आल्या. पिल्लू, तांबूस-पांढरं, चिन्नीपेक्षाही लहान असावं. डोळे मिटलेले. "तिच्यावानीच दुसरी आनली लेकानं. पिसवांनी खाल्ली बगा. पावडर हाय न्हवं तुमच्यापाशी? तुमच्याच हातानं लावा."

डॉक्टरांनी ओठ उचलला. हिरडी कागदासारखी पांढरी. इतक्या लहान जिवाचं रक्त पिसवा पिऊन संपवतात. ते मरतं आणि लोक म्हणतात नजर लागली. पावडर लावली तर ती मारील, न लावली तर पिसवा मारतील. जीपमध्ये डबा होता. गफूरभाई उठले नाहीत, मीही नाही.

"अंबक्का, फणी हाय का? लाकडी, बारीक दाताची. कोमट पाणी, साबण अन् एक जुनं लुगडं. गूळ-पाणी बी करा थोडं."

"फणी कशाला?"

"द्या तर."

त्यांनी पिल्लू कोमट साबणाच्या पाण्यात मानेपर्यंत बुडवलं, आधी मानेभोवती फेसाचं कडं केलं, पिसवा डोक्याकडं पळू नयेत म्हणून. लगेच काढून पुसलं, कोटात घेतलं आणि ओसरीच्या उन्हात मांडी घालून बसले. एक एक बोट जागा फणीनं विंचरायची, फणी साबणपाण्याच्या वाडग्यात झटकायची. वाडगा काळा व्हायचा, सून पाणी बदलायची. गफूरभाई कापसाच्या बोळ्यानं गूळ-पाण्याचे थेंब तोंडात सोडत होते. शेजारच्या बाया जमल्या.

"अगं बया, डाक्टर उवा काडायलाय!"

"माज्या पोरीचं डोस्कं बी बगा की वो!"

"तिला आमच्या गफूरभाईंकडं द्या," डॉक्टर म्हणाले आणि बाया हसल्या. ते हसले नाहीत.

ऊन ओसरीवरून उतरत आलं तेव्हा पिल्लानं डोळे उघडून फणी चावायचा प्रयत्न केला. अंबक्कांनी कपाळावर बोटं मोडली. डॉक्टरांनी पिल्लू त्यांच्या पदरात दिलं, मान वर केली आणि म्हणाले, "अंबक्का, ती चिन्नी..."

"तिचं आता कशाला काडायलाव? ती हिवानं गेली. म्या इचारलं न्हवं का तुमास्नी, हिव भरलं का वो डाक्टर? तुमी म्हनलाव, व्हय."

मी डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले. अंबक्का पिल्लाला छातीशी धरून उभ्या होत्या. मागं त्यांची सून, शेजारच्या बाया, दाराशी येऊन उभा राहिलेला तो भाऊ. चांदीचा पेला घोंगडीच्या कडेला तसाच होता.

"पिल्लाला ऊबेत ठेवा," डॉक्टर म्हणाले. "पावडर कोणाकडनं बी लावून घेऊ नका. माझ्याकडनं बी न्हाई."

जीप आळंदच्या रस्त्याला लागली. मग ते म्हणाले, "आजबी न्हाई झालं."

"सांगून टाका एकदाचं, डॉक्टर. त्या बाई रागावणार नाहीत."

"त्या न्हाई रागावणार, अक्का." खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्याकडनं कागद चुकला तर लोक म्हणतील, पाठकबाई चुकल्या. माझ्याकडनं चुकलं तर एकटा केरबा चुकत न्हाई. त्या दिवशी मी नवा होतो. तिनं विचारलं, हिव भरलं का. दारात तिचा भाऊ उभा होता. तोंडातनं निघून गेलं. एक शब्द. तिनंच पुढं केला, मी घेतला."

म्हणून ते सगळ्या जगाला सांगत होते. जिला सांगायचं होतं ती सोडून सगळ्यांना.

मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि थांबले. अंबक्कांची फणी बाहेर आली. गडबडीत खिशात राहिली होती.

"मागं घ्या जीप," गफूरभाई ड्रायव्हरला म्हणाले.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. "द्यायला यायचंच हाय."

यायचं राहत गेलं. साथी, बदल्या, मुलांची शिक्षणं. बीदरला त्यांनी एक पत्र्याचा बोर्ड मात्र रंगवून घेतला, कन्नड, मराठी आणि उर्दूत. कुत्र्याचं वजन आणि पावडरीचं माप, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि सगळ्यात खाली, सगळ्यात लहान कुत्र्यांसाठी, मापाच्या जागी एकच शब्द : फणी. साहेबांनी तो बाहेर लावू दिला नाही, म्हणून औषधांच्या खोलीत लावला. ती अधिकाऱ्याची पत्नी एकदा परत आली, कुत्रं घेऊन. बोर्ड वाचला आणि बाकावर बसून विंचरत राहिली. 'माझ्या हातानं एक गेलंय' हे सांगणं शेवटपर्यंत चालू होतं. निंबर्ग्याहून आल्यावर त्यात एका वाक्याची भर पडली : "अन् त्या बाईला मी अजून सांगितलं न्हाई." बाकावरची माणसं त्यावरही बोलायची. ते पट्टी बांधत राहायचे.

अठ्ठ्याऐंशीचा जानेवारी. मी भाचीला उदगीरच्या गाडीत बसवून द्यायला बीदरच्या स्टँडवर गेले होते. सकाळची थंडी, लोक मफलर गुंडाळून चहाच्या गाड्याभोवती. बसवकल्याणच्या गाडीत खिडकीपाशी डॉक्टर बसलेले दिसले. कोट अंगात नव्हता, मांडीवर घडी करून ठेवलेला. त्यांनी रजा टाकली होती, कारण लिहिलं होतं 'खासगी काम'. तो अर्ज माझ्याच हातून गेला होता.

मी खिडकीशी गेले. "कोहिनूरला का?"

"न्हाई. कल्याणवरनं आळंद."

त्यांचा एक हात कोटाच्या खिशावर होता. खिसा फणीच्या आकाराचा फुगला होता.

"निंबर्ग्याला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, काच थरथरायला लागली. त्या आवाजातही मला स्पष्ट ऐकू आलं.

"व्हय," डॉक्टर म्हणाले.

गाडी मागं सरकली, वळली, वेशीच्या कमानीखालून गेली. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

बसवकल्याणच्या स्टँडवर आळंदच्या गाडीची वाट बघताना त्यांच्या छातीत कळ आली. ओळखीच्या कोणीतरी कोहिनूरला भावाकडं पोचवलं. तिथंच ते गेले. ज्ञानोबा सांगतात, शेवटपर्यंत कोट मागत होते, थंडी वाजतेय म्हणून असेल.

पुण्यानुमोदनाच्या दिवशीच्या माझ्या कागदावरची बाकीची कामं झाली. सुलोचनाबाईंच्या पेन्शनचे कागद : झाले. शिवप्पांना कुत्र्याचं पारडं परत : दिलं, पण त्यांनी ते खिळ्यावरच ठेवलं. औषधांच्या खोलीतला बोर्ड बाहेर : लागला, साहेब बदलले. गफूरभाईंनी उर्दूचा रंग स्वतः उजळला.

निंबर्ग्याची चौकशी मी ठेवून आहे. अंबक्का आहेत. नजर गेली आहे, बोलणं तसंच आहे. तांबूस कुत्री म्हातारी होऊन गेली. चांदीचा पेला अजून रोजच्या वापरात आहे, असं आळंदच्या एका कंडक्टरकडून कळलं, त्याची सासुरवाडी तिथली.

जाऊन सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे मी अनेकदा मांडून पाहिलं. फणी परत करणं सोपं आहे. पुढचं वाक्य डॉक्टरांच्या तोंडचं आहे. पाठकबाईंनी तिथं उभं राहून सूर्यवंशी डॉक्टरांची चूक सांगितली, तर दारातला तो भाऊ काय ऐकेल, हे मला माहीत आहे. आणि नाही सांगितली तर अंबक्का ज्याला देव म्हणतात तो माणूस खरा कसा होता, हे त्यांना कधीच कळणार नाही. सुलोचनाबाई म्हणतात, दोघी मिळून जाऊ, मी सांगते, तुम्ही नुसत्या सोबत उभ्या राहा. तुरी निघाल्यावर जायचं ठरलं होतं. तुरी निघाल्या, मग त्यांचा गुडघा धरला. आता ज्वारीनंतर म्हणतायत.

फणी माझ्या टेबलाच्या खणात आहे, सुलोचनाबाईंनी कोटाच्या खिशातून काढून दिलेली. तिच्या दातांत तांबूस केस अडकलेला आहे, तो मी काढलेला नाही. आजच्या कागदावर पाच कामं होती. चार खोडली.